चक्रीवादळाची वाट कोण ठरवते? : जास्त दाबाचा पट्टा आणि किनाऱ्याकडे वळणारी वादळे

दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. काही तासांत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि मंडणगड, दापोलीकडील आंबा-काजूच्या जुन्या बागा मुळासकट उपटल्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१९ मध्ये, 'वायू' हे वादळ गुजरातच्या वेरावळ किनाऱ्याच्या रोखाने निघाले होते. तेथील सुमारे तीन लाख लोकांना सुरक्षित जागी हलविण्यात आले. परंतु ऐन वेळी वादळाने तोंड फिरविले आणि ते किनाऱ्याजवळून समुद्रातच पश्चिमेकडे सरकले. मे २०२१ मधील 'तौक्ते' तर केरळपासून कोकणापर्यंत किनाऱ्याला समांतर धावत गेले आणि १७ मे रोजी रात्री सौराष्ट्रात दीव-ऊना भागात जमिनीवर चढले.

समुद्र एकच आणि हंगामही जवळजवळ एकच. मग एक वादळ आपल्या दारात येते, दुसरे पाठ फिरविते आणि तिसरे दारावरून पुढे जाते, असे का होते? या प्रश्नाचे उत्तर वादळात नसून वादळाच्या भोवतालच्या हवेत, विशेषतः जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंचीवर पसरलेल्या जास्त दाबाच्या पट्ट्यात आहे. हा पट्टा कोठे आहे हे समजले की, वादळाचा अंदाज का बदलतो, 'संभाव्य क्षेत्र' म्हणजे काय आणि आपण तयारीला कधी लागावे, या गोष्टी आपोआप उलगडतात. प्रस्तुत लेखात याच विषयाची माहिती दिली आहे.

वादळाला दोन गती असतात

पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की पाण्यात भोवरे पडतात. भोवरा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि त्याच वेळी प्रवाहाबरोबर खाली वाहतही जातो. भोवऱ्याचा जोर किती यावर तो कोठे जाईल हे ठरत नाही, ते ओढ्याचा प्रवाह ठरवितो. चक्रीवादळाचेही तसेच आहे.

पहिली गती स्वतःभोवती फिरण्याची. उत्तर गोलार्धात वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हे वारे ताशी ६२ कि.मी. किंवा अधिक झाले की भारतीय हवामान विभाग त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतो. दुसरी गती पुढे सरकण्याची. ती बरीच कमी, साधारणपणे ताशी १० ते २० कि.मी. असते. म्हणजे ताशी १०० कि.मी. वेगाचे वारे पोटात घेऊन फिरणारे वादळ प्रत्यक्षात सायकलच्या चालीने पुढे जात असते.

या पुढे सरकण्याच्या गतीत पृथ्वीच्या फिरण्यामुळे वादळाचा स्वतःचाही थोडा वाटा असतो. आपल्या गोलार्धात वादळ स्वभावतः हळूहळू वायव्येकडे ओढले जाते. परंतु ही ओढ क्षीण असते. मुख्य काम भोवतालचे वारे करतात. वादळ जितके बलवान तितकी त्याची उंची जास्त, आणि म्हणून ते अधिक उंचीवरील वाऱ्यांच्या ताब्यात जाते. दुर्बल कमी दाबाचे क्षेत्र खालच्या वाऱ्यांबरोबर सरकते. यामुळेच कधी कधी वादळाचा जोर वाढताच त्याची दिशाही बदलते.

जास्त दाबाचा पट्टा म्हणजे काय?

विषुववृत्ताजवळ तापलेली दमट हवा वर जाते, उंचावर दोन्ही ध्रुवांच्या दिशेने पसरते आणि साधारण ३० अक्षांशाच्या आसपास पुन्हा खाली उतरते. खाली उतरणारी ही हवा दाबली जाते, तापते व कोरडी होते. म्हणून या पट्ट्यात ढग तयार होत नाहीत. जगातील मोठी वाळवंटे याच पट्ट्यात आहेत. पृथ्वीभोवतीचा हा जास्त दाबाचा पट्टा ऋतूप्रमाणे उत्तरेकडे-दक्षिणेकडे सरकतो, तसेच तो सर्वत्र सारखाही नसतो. कोठे त्याचे फुगीर केंद्र असते, तर कोठे तो तुटलेला असतो.

येथे एक शंका अनेकांच्या मनात येते. मे महिन्यात आपला देश तापलेला असतो, जमिनीवर हवेचा दाब कमी असतो. मग जास्त दाब आला कोठून? बंधूंनो, जमिनीवरील दाब आणि उंचीवरील दाब यांत फरक असतो. उन्हाने तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे जमिनीलगत दाब कमी होतो, पण तीच हवा वर चढून साचल्याने उंचावर मात्र दाब जास्त राहतो. वादळाला वळविणारा पट्टा हा उंचावरचा असतो. म्हणून हवामानशास्त्रज्ञ ५०० हेक्टोपास्कल पातळीचा, म्हणजे साधारण साडेपाच ते सहा कि.मी. उंचीचा नकाशा मुद्दाम पाहतात. बलवान वादळासाठी याच्याही वरचे आणि खालचे थर एकत्र विचारात घेतले जातात.

हा नकाशा समजण्यास अवघड नाही. आपल्या शिवारात मृदसंधारणाची कामे झाली असतील तर समपातळी रेषा आपण पाहिल्या आहेत. उंचीवरील दाबाच्या नकाशावरही अशाच समपातळी रेषा असतात. जास्त दाबाचा पट्टा म्हणजे डोंगराची लांबवर आलेली सोंड समजावी आणि कमी दाबाची द्रोणी म्हणजे दोन सोंडांमधील घळ समजावी. फरक एवढाच की पाणी उतारावरून सरळ खाली धावते, तर उंचावरील वारा पृथ्वीच्या फिरण्यामुळे समपातळी बांधाच्या कडेने चालावे तसा रेषांना समांतर वाहतो, आणि आपल्या गोलार्धात उंच बाजू नेहमी उजव्या हाताला ठेवतो. म्हणून जास्त दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. वादळ या वाऱ्यांबरोबर सोंडेच्या पायथ्याने जाते, ती ओलांडून जात नाही.

पट्टा कोठे, तर वादळ कोठे?

वरील नियम लक्षात ठेवला की वादळाच्या वाटेचे चार प्रकार सहज समजतात.

१) पट्टा उत्तरेला असेल तर वादळ पश्चिमेकडे जाते. पट्ट्याच्या दक्षिण कडेला पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. ऑक्टोबर २०१९ मधील 'क्यार' वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेस समुद्रात तयार झाले आणि सुरुवातीस किनाऱ्याच्या बाजूला सरकले. नंतर ते उत्तरेकडील जास्त दाबाच्या कडेने पश्चिमेला, ओमानच्या दिशेने वळले व महाचक्रीवादळ होऊनही समुद्रातच विरले. बंगालच्या उपसागरातील वादळे मात्र याच प्रकारात पूर्व किनाऱ्यावर येतात व जमिनीवरून पश्चिमेकडे चालत राहतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ आलेल्या 'गुलाब' वादळाचे अवशेष तेलंगणातून मराठवाड्यावर आले. २७ व २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' या नावाने पुन्हा वादळ बनले आणि ओमानवर गेले.

२) पट्टा पूर्वेला असेल तर वादळ उत्तरेकडे जाते. पट्ट्याच्या पश्चिम कडेला दक्षिणेकडून उत्तरेकडे वारे असतात. 'तौक्ते' असेच पश्चिम किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. अशा वादळात एकच ठिकाण सापडत नाही, संपूर्ण किनारपट्टीला वारा-पावसाचा मार बसतो.

३) पट्ट्याचे टोक ओलांडले की वादळ ईशान्येकडे वळते. उत्तरेकडील प्रदेशातून पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची द्रोणी पुढे सरकली तर पट्टा मागे हटतो किंवा तुटतो. मग वादळ त्या मोकळ्या वाटेने उत्तरेकडे, नंतर ईशान्येकडे वळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला खरा धोका या वळणाचा आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई दरम्यान आलेले 'फयान' आणि २०२० चे 'निसर्ग' ही दोन्ही अशीच वळून आलेली वादळे होत. नोव्हेंबर २०१९ मधील 'महा' हे वादळ आधी वायव्येकडे दूर गेले व नंतर वळून गुजरातकडे परत आले, परंतु किनाऱ्याजवळ येईपर्यंत त्याचा जोर ओसरला.

४) दोन पट्ट्यांमध्ये सापडले तर वादळ रेंगाळते. दोन्ही बाजूंचे वारे एकमेकांचा जोर मारतात आणि वादळाला स्पष्ट दिशा मिळत नाही. जून २०२३ मधील 'बिपरजॉय' ६ जूनला तयार झाले आणि १५ जूनला रात्री कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आले. इतके दिवस ते दिशा बदलत हळूहळू सरकत होते. ओडिशातील २९ ऑक्टोबर १९९९ चे महाचक्रीवादळ पारादीपजवळ किनाऱ्यावर आल्यानंतर दिवसभराहून अधिक काळ जवळजवळ जागेवरच थांबले. त्यामुळे त्याच भागावर पाऊस कोसळत राहिला व हानी अनेक पटींनी वाढली. 'वायू' वादळाची किनाऱ्याजवळची चाल बदलली तीही अशाच ओढाताणीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी की वेगाने जाणारे वादळ वाऱ्याने जास्त मारते आणि रेंगाळणारे वादळ पाण्याने जास्त मारते.

'निसर्ग' वादळाचा अभ्यास

आता एकच वादळ नीट पाहू. ३१ मे २०२० रोजी आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. १ जूनला त्याचे अवदाब क्षेत्रात रूपांतर झाले. २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ बनले आणि ३ जूनला पहाटे तीव्र चक्रीवादळ झाले. सुरुवातीचा प्रवास उत्तरेकडे होता. वादळाच्या पूर्वेला उंचावर जास्त दाब होता आणि वायव्येकडून पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी जवळ येत होती. या दोहोंच्या मधल्या नैऋत्य वाऱ्यांनी २ जूनच्या सुमारास वादळाला ईशान्येकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे वळविले.

हवामान विभागाने आधीच सांगितले होते की, ३ जूनला दुपारी हे वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर ते दमण हे अंतर अडीचशे कि.मी.हून अधिक आहे. प्रत्यक्षात वादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगर भागात, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० कि.मी. आणि झोत १३० कि.मी.पर्यंत होते. अंदाज बरोबर होता. वादळ सांगितलेल्या पट्टीच्या आतच आले, परंतु पट्टीच्या दक्षिण टोकाला आले. ज्याने फक्त 'अलिबाग' हे नाव ऐकले आणि आपण दक्षिणेला म्हणून निश्चिंत राहिला, त्याला हा फरक फार महाग पडला असणार.

वादळाच्या उजव्या व डाव्या बाजूचा फरकही येथे स्पष्ट दिसला. वादळ ज्या दिशेने जाते तिकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताच्या बाजूला फिरण्याची गती व पुढे सरकण्याची गती यांची बेरीज होते, तर डाव्या बाजूला वजाबाकी होते. उदाहरणार्थ, फिरणारा वारा ताशी १०० कि.मी. व वादळाची चाल २० कि.मी. धरली तर उजवीकडे १२० आणि डावीकडे ८० असा ढोबळ हिशेब होतो. शिवाय उजव्या बाजूचे वारे समुद्राचे पाणी किनाऱ्यावर ढकलतात. ईशान्येकडे जाणाऱ्या 'निसर्ग'च्या उजव्या हाताला मंडणगड, दापोली हे तालुके होते आणि डाव्या हाताला मुंबई होती. मुंबई वाचली ती याच कारणाने.

किनारा ओलांडल्यावर वादळ ईशान्येकडे जात राहिले. त्यामुळे पुणे व नाशिक जिल्ह्यांतही वारा-पाऊस झाला. वळणारे वादळ घाटावरही येऊ शकते, हे देशावरील शेतकऱ्यांनी विसरू नये.

वादळांचे दोन हंगाम

अरबी समुद्रात वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत होतात. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र उबदार असतो, ओलावाही भरपूर असतो. तरीही मोठी वादळे जवळजवळ होत नाहीत. कारण त्या वेळी खाली पश्चिमेकडून येणारे मोसमी वारे आणि उंचावर पूर्वेकडून येणारे जोरदार वारे असतात. खालचा थर एकीकडे व वरचा थर दुसरीकडे ओढला गेल्याने वादळाचा उभा खांब टिकत नाही. या काळात उंचावरील जास्त दाबाचे केंद्रही उत्तरेला तिबेटच्या पठारावर गेलेले असते.

मे-जूनमध्ये हा पट्टा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत दक्षिणेकडे येत असतो. अशा बदलाच्या काळात तो कोठे घट्ट, कोठे विरळ असतो. म्हणून याच महिन्यांत वादळांच्या वाटा सर्वांत जास्त वाकड्या असतात. नेमका हाच काळ आपल्याकडे एका बाजूला आंब्याच्या शेवटच्या तोडणीचा व भाताच्या रोपवाटिकेचा, आणि दुसऱ्या बाजूला भात कापणी, सोयाबीन मळणी, कापूस वेचणी व द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीचा असतो.

जास्त दाबाच्या या पट्ट्याचे महत्त्व केवळ वादळापुरते नाही. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९८८ पासून वापरल्या गेलेल्या सोळा घटकांच्या मान्सून अंदाजात एप्रिल महिन्यातील ५०० हेक्टोपास्कल पातळीवरील या पट्ट्याचे स्थान हा एक घटक होता. आता ती पद्धत बदलली आहे, परंतु पट्ट्यावर लक्ष ठेवणे आजही चालू आहे.

अंदाज का बदलतो?

"काल वादळ येणार म्हणाले, आज म्हणतात जाणार", अशी तक्रार आपण ऐकतो. त्यामागील अडचण समजून घेणे उपयोगी आहे.

वादळ उपग्रहाच्या चित्रात स्पष्ट दिसते. पट्टा मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावा लागतो. त्यासाठी मुंबई, नागपूर, पणजी यांसारख्या केंद्रांवरून उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडले जातात. जगभर हे फुगे ठरलेल्या वेळी सोडतात. आपल्याकडे ती वेळ पहाटे साडेपाच व सायंकाळी साडेपाच अशी येते. जमिनीवर ही सोय आहे, पण समुद्रावर फुगे सोडणारी केंद्रे नाहीत. तेथे उपग्रहांच्या मोजणीवर भिस्त ठेवावी लागते. ही सर्व माहिती संगणकात भरून पट्टा पुढे कसा सरकेल याचे गणित मांडले जाते. पट्ट्याची कड थोडी इकडे-तिकडे झाली तरी वादळाचे वळण आधी किंवा नंतर येते.

हिशेब करून पाहा. वादळ किनाऱ्यापासून ६०० कि.मी. दूर आहे आणि त्याच्या दिशेत केवळ १० अंशांचा फरक पडला, तर किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत सुमारे १०० कि.मी.चा फरक होतो. अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ अंतर सुमारे ६५ कि.मी. आहे. म्हणजे एवढ्याशा फरकाने तालुकाच नव्हे, जिल्हाही बदलू शकतो. वादळ जसजसे जवळ येते तसतसा हा फरक कमी होतो. चोवीस तास आधीच्या अंदाजातील सरासरी चूक आता शंभर कि.मी.च्या आत आली आहे. म्हणून अंदाज बदलला म्हणजे तो खोटा ठरला असे समजू नये. नवी मोजणी हाती आल्यावर तो सुधारला गेला, असे समजावे.

याच कारणाने नकाशावर वादळाच्या रेषेभोवती पुढे रुंद होत जाणारे क्षेत्र दाखविलेले असते. वादळाचे केंद्र त्या क्षेत्रात कोठेही जाऊ शकते. मधली रेषा ही फक्त मधली शक्यता होय. आपले गाव त्या क्षेत्राच्या कडेला असले तरी तयारी पूर्ण करावी. तसेच हे क्षेत्र केंद्राच्या वाटेचे असते, पावसाचे नव्हे. पाऊस त्याच्या बाहेरही दूरवर पडतो.

इशारा कसा वाचावा?

हवामान विभाग चक्रीवादळाची माहिती चार टप्प्यांत देतो. पहिली पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी, दुसरा सतर्कतेचा इशारा किमान ४८ तास आधी (पिवळा), तिसरा धोक्याचा इशारा किमान २४ तास आधी (केशरी) आणि चौथा, किनारा ओलांडल्यानंतर वादळ कोठे जाईल याची माहिती देणारा, किमान १२ तास आधी (लाल). बातमीपत्र ऐकताना वा वाचताना पुढील पाच गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात.

• किनारा ओलांडण्याची संपूर्ण पट्टी : कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत.
• वेळ : भरतीच्या वेळेशी ती जुळते का, हे किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी अवश्य पाहावे.
• दिशा : आपले गाव वाटेच्या उजवीकडे की डावीकडे.
• चाल : वादळ वेगाने येत आहे की रेंगाळत आहे.
• पावसाचे क्षेत्र : आपला जिल्हा त्यात आहे का.

शेतावर उभे राहूनही थोडा अंदाज घेता येतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. डाव्या हाताच्या बाजूला कमी दाब, म्हणजे वादळ असते, आणि उजव्या हाताला जास्त दाब असतो. झाडे व डोंगर यांमुळे जमिनीवर यात थोडा फरक पडतो. काही तासांच्या अंतराने वाऱ्याची दिशा पाहावी. वादळ नैऋत्येकडून येत असताना वारा आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असा फिरत गेला तर आपण उजव्या, म्हणजे जास्त धोक्याच्या बाजूला आहोत. पूर्व, ईशान्य, उत्तर असा फिरला तर डाव्या बाजूला आहोत. मात्र ही पडताळणी सरकारी इशाऱ्याच्या जोडीला करावी, त्याच्या जागी नव्हे, आणि वारा वाढल्यावर बाहेर उभे राहू नये.

कोणत्या टप्प्यावर काय करावे?

७२ तास आधी : वाट निश्चित नसते, म्हणून ज्या कामात तोटा नाही ती कामे उरकावीत. शेतातील चर, पाट मोकळे करावेत. ताडपत्री, दोर, बांबू जमा करावेत. खते देणे, फवारणी व पाणी देणे थांबवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवीन कापणी सुरू करण्यापूर्वी कापलेले पीक उचलून होईल का, याचा विचार करावा.

४८ तास आधी : तयार झालेला आंबा झेल्याने उतरवून घ्यावा, कोवळी फळे घाईने काढू नयेत. घराजवळील माडावरील तयार नारळ व सुकलेल्या झावळ्या काढाव्यात. शेतात वाळत पडलेले भाताचे कडपे गोळा करून उंचवट्यावर उडवी रचावी व वरून झाकावी. सोयाबीनची गंजी ताडपत्रीने झाकून कडेने दोर बांधावा व भोवती चर काढावा. केळीच्या घड असलेल्या झाडांना आधार द्यावा. कांदाचाळीची वाऱ्याकडील बाजू झाकावी.

२४ तास आधी : जनावरे जुन्या गोठ्यात वा मोठ्या झाडाखाली दावणीला बांधून ठेवू नयेत, पक्क्या जागेत हलवावीत, ते शक्य नसल्यास मोकळी सोडावीत. दोन दिवसांचा चारा व पाणी कोरड्या जागी ठेवावे. पॉलिहाऊसची दारे व कडा घट्ट बांधाव्यात. पंपाचा वीजपुरवठा बंद करावा. खाडीकाठच्या खार जमिनीच्या बांधाची उघाडी व खचलेल्या जागा तपासाव्यात. त्यानंतर मात्र शेतावर जाऊ नये.

वादळ गेल्यानंतर : बागेतील साचलेले पाणी प्रथम काढावे. कलललेली लहान कलमे लवकरात लवकर सरळ करून मुळांना मातीची भर व काठीचा आधार द्यावा. मोडलेल्या फांद्या करवतीने स्वच्छ कापून कापावर बोर्डो पेस्ट लावावी. द्राक्षबागेत पानांवर ओल टिकून राहिल्यास केवडा झपाट्याने वाढतो, म्हणून कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे तातडीने उपाय करावा. नुकसानीचे फोटो काढून महसूल व कृषी खात्याच्या गावातील कर्मचाऱ्यांना लगेच कळवावे. पीक विम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात, त्या हंगामाच्या सुरुवातीसच वाचून ठेवाव्यात.

शंका-समाधान

शंका : वादळ ओमानकडे वळले असे कळले. आता भात कापायला हरकत नाही ना?
समाधान : घाई करू नये. वादळ दूर गेले तरी त्याच्याकडे ओढला जाणारा दमट वारा आपल्याकडे पाऊस देऊ शकतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'क्यार' व 'महा' ही दोन्ही वादळे महाराष्ट्रात आली नाहीत, तरी त्या काळातील पावसाने राज्यात भात, सोयाबीन, मका व द्राक्ष यांचे मोठे नुकसान झाले. आपल्या जिल्ह्याचा पावसाचा अंदाज पाहूनच कापणी करावी.

शंका : सोसाट्याचा वारा एकदम थांबला. वादळ संपले का?
समाधान : नाही. वादळाचे केंद्र आपल्यावरून जात असेल तर काही काळ वारा पडतो. त्यानंतर तितक्याच जोराने उलट दिशेचा वारा सुटतो. पहिल्या वाऱ्याने सैल झालेली झाडे व पत्रे दुसऱ्या वाऱ्यात पडतात. अधिकृत सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये.

शंका : वादळ विक्राळ असेल तर ते आपली वाट स्वतः काढत नाही का?
समाधान : नाही. 'क्यार' हे महाचक्रीवादळ असूनही पट्ट्याच्या कडेने निमूट पश्चिमेकडे गेले, आणि त्याहून बरेच दुबळे 'निसर्ग' वळून किनाऱ्यावर आले. वादळाचे बळ आणि वादळाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इशारा ऐकताना दोन्हींची माहिती घ्यावी.

शेतकरी बंधूंनो, उंचावरील जास्त दाबाच्या पट्ट्याला आपण हलवू शकत नाही, परंतु त्याचा कल बदलला की वादळाचा कल बदलतो हे जाणून वेळेवर कामाला लागणे आपल्या हाती आहे. हवामान विभागाची बातमीपत्रे, आकाशवाणी, मोबाईलवरील 'मौसम' व 'मेघदूत' ही ॲप आणि कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला यांचा नियमित उपयोग करावा. तयारी करूनही वादळ वळून गेले तर दोन दिवसांची मजुरी गेली असे समजावे; तयारी न करता वादळ आले तर माड-पोफळी पुन्हा उभी करण्यात कित्येक वर्षे जातात. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या शेतापुरता आधीच मांडून ठेवावा आणि पुढचा इशारा येताच त्याप्रमाणे वागावे.